विशेष शिक्षणाचा खर्च नक्की कोण उचलतं? न्यू जर्सीत नव्याने आलेल्या आई-बाबांसाठी

पहिल्या आयईपी मीटिंगला (आयईपी म्हणजे विशेष गरज असलेल्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) मी पेढ्यांचा डबा घेऊन गेले होते. टेबलापलीकडे पाच माणसं, अलीकडे आम्ही दोघं आणि मध्ये तो डबा. मुलगा साडेचार वर्षांचा, बोलणं दोन-दोन शब्दांचं, तेही मनात आलं तर. मी विचारलं, "वर्गात त्याच्यासोबत कुणी असेल का?" पलीकडच्या बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, यंदा डिस्ट्रिक्टचं (गावच्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचं) बजेट जरा ताणलेलं आहे. मी लगेच म्हणाले, "नो प्रॉब्लेम, वी अंडरस्टँड." नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला, पण तोवर उशीर झाला होता. पुढचे आठ महिने आमचा मुलगा वर्गाच्या कोपऱ्यात ब्लॉक्स रांगेत लावत बसला.

बजेट ताणलेलं होतं हे खरंच असेल. पण ते सांभाळणं हे काम माझं नव्हतं, आणि कायद्याने त्या टेबलावरचा विषयही तो नव्हता. हे मला कळायला दोन वर्षं लागली. तुम्हाला दोन तास लागावेत म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही. मी फक्त खूप मीटिंगांना बसलेली आई आहे.

एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, जर्सी सिटी या पट्ट्यात दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून नवी कुटुंबं येतात. त्यातल्या अनेकांनी तिकडे खासगी शाळेत शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणाऱ्या मदतनिसाचा, पगार स्वतःच्या खिशातून दिलेला असतो. वर शाळेने मुलाला ‘ठेवून घेतलं’ म्हणून आभारही मानलेले असतात. तो उपकाराचा भाव सामानासोबत इथेही येतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १ : हे फुकट का आहे ते समजून घ्या

१९७५ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली. त्याला आज आयडिया (IDEA, इंडिव्हिज्युअल्स विथ डिसअॅबिलिटीज एज्युकेशन अॅक्ट) म्हणतात. त्याचं सार एवढंच, की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सार्वजनिक शाळेने मोफत आणि त्याला योग्य असं शिक्षण द्यायचं. ‘मोफत’मध्ये स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), सोबतीला लागणारी पॅरा, म्हणजे वर्गातली सहायक, गरज असेल तर वेगळी बस आणि खासगी विशेष शाळेची फीसुद्धा आली. मात्र ते सगळं मुलाच्या आयईपीत असायला हवं. न्यू जर्सीत हे तिसऱ्या वाढदिवसापासून एकविसाव्या वर्षापर्यंत चालतं. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन ही राज्याची वेगळी यंत्रणा आहे.

पैसे नाहीत ही सबब कायद्याच्याही आधीपासून कोर्टात आपटलेली आहे. १९७२ साली वॉशिंग्टन डीसीच्या मिल्स खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की पैसा अपुरा असेल तर त्याची झळ सगळ्यांना वाटून बसावी. अपंग मुलांनाच तेवढं बाहेर ठेवून हिशेब जुळवता येणार नाही. १९९९ साली आयोवातल्या सीडर रॅपिड्सचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मुलगा व्हेंटिलेटरवर होता, शाळेत दिवसभर नर्सिंगची गरज होती. शाळा म्हणाली हा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. निकाल मुलाच्या बाजूने लागला.

पण दुसरी बाजूही ऐका. कायदा ‘योग्य’ शिक्षण देतो, ‘सर्वोत्तम’ नाही. इथले वकील महागड्या कॅडिलॅकचा आणि साध्या शेव्हरलेचा दाखला देतात : गाडी चालणारी हवी, पण ती आलिशानच असेल असं नाही. २०१७ साली कोलोरॅडोच्या एंड्रू नावाच्या मुलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने शेव्हरलेचा दर्जा जरा उंचावला. नावापुरती प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाची परिस्थिती पाहता शोभेल अशी प्रगती व्हायला हवी, असं ठरलं. आणि दोन पर्याय खरोखरच योग्य असतील, तर डिस्ट्रिक्ट त्यातला स्वस्त निवडू शकतं. ते मान्य करूनच बोलायला बसावं.

व्हिसाचा प्रश्न हमखास येतो, तोही कुजबुजत. १९८२ पासून सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, की मुलाच्या इमिग्रेशनच्या स्थितीवरून सार्वजनिक शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शाळेतलं विशेष शिक्षण ‘पब्लिक चार्ज’मध्ये, म्हणजे ग्रीन कार्ड देताना हा माणूस सरकारवर भार होईल का हे बघतात त्यात, धरलं जात नाही. ग्रीन कार्डच्या भीतीने मुलाची अडचण लपवू नका. मी दोन घरं अशी पाहिली आहेत. दोन्हीकडे ग्रीन कार्डचं काही अडलं नाही, मुलाची तीन वर्षं मात्र गेली.

पायरी २ : पैसा तीन नळांतून येतो

इथे जरा थांबून वाचा. डिस्ट्रिक्ट ‘पैसे नाहीत’ म्हणतं तेव्हा नेमकं काय म्हणतं, ते यातून कळतं.

पहिला नळ वॉशिंग्टनचा. १९७५ साली काँग्रेसने ठरवलं होतं, की देशात एका विद्यार्थ्यावर सरासरी जो खर्च होतो त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम प्रत्येक अपंग मुलामागे केंद्र देईल. ते कधीच झालं नाही. गेली काही वर्षं हा वाटा १५ टक्क्यांच्याही खाली आहे. कायद्याने दिलेलं काम पूर्ण आणि पैसा अर्धाही नाही, अशी ही पन्नास वर्षांची रड आहे. डिस्ट्रिक्टचे लोक वैतागतात ते उगीच नाही.

दुसरा नळ राज्याचा, ट्रेंटनचा. न्यू जर्सीत शाळांना राज्याची मदत २००८ च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म अॅक्टच्या सूत्राने ठरते. त्यात विशेष शिक्षणासाठी एक गंमत होती. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं प्रत्यक्षात किती, हे न मोजता राज्यभरातली सरासरी टक्केवारी घ्यायची आणि ती डिस्ट्रिक्टच्या एकूण पटाला लावायची. मग येणाऱ्या आकड्याला सरासरी जादा खर्चाने गुणायचं. हेतू वाईट नव्हता. मोजून पैसे दिले तर शाळा नको त्या मुलांनाही शिक्का मारतील अशी भीती होती. पण ज्या गावात चांगल्या कार्यक्रमाचा बोलबाला होतो तिथे लोक मुद्दाम घर घेतात. अशा गावात मुलं सरासरीपेक्षा जास्त आणि पैसा मात्र सरासरीचा, असं व्हायचं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याने सरासरी सोडून प्रत्यक्ष संख्येकडे मोर्चा वळवला.

सूत्रातून निघालेल्या रकमेचे पुन्हा दोन भाग पडतात. दोन-तृतीयांश भाग गावाच्या ऐपतीला जोडलेला असतो. घरांच्या किमती आणि लोकांचं उत्पन्न जास्त असेल, तर राज्य म्हणतं, तुमचं तुम्ही बघा. उरलेला एक-तृतीयांश ऐपत न पाहता सगळ्यांना मिळतो. आपले लोक राहतात ती बरीचशी उपनगरं ऐपतवाल्यांत मोडतात. त्यामुळे तिथे राज्याकडून येणारी रक्कम ऐकून माणूस चकित होतो, इतकी ती कमी असते.

मग उरतो तिसरा नळ, गावचा मालमत्ता कर. सधन उपनगरांत मोठा भार यावरच असतो. तुम्ही भाड्याने राहत असलात तरी घरमालक तो तुमच्या भाड्यातूनच भरतो, त्यामुळे ‘आम्ही टॅक्स भरत नाही, कसं मागायचं’ हा संकोच सोडा. या नळाला २०१० च्या कायद्याने चावी बसवली आहे. काही ठरावीक अपवाद सोडले, तर डिस्ट्रिक्टला करवसुली वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. विशेष शाळांची फी, बसचे कंत्राट, थेरपिस्टचे दर या २ टक्क्यांचं ऐकत नाहीत. ताण येतो तो इथून.

आणखी एक तारीख वहीत लिहून ठेवा : १५ ऑक्टोबर. राज्याच्या मदतीसाठी डिस्ट्रिक्ट पटावरची मुलं त्या दिवशीची मोजतं. तुम्ही नोव्हेंबरात येऊन दाखल झालात, तर मुलाचे हक्क पहिल्या दिवसापासून सुरू होतात, पण त्याच्या नावचा पैसा त्या मोजणीत नसतो. ऑफिसातली कपाळावरची आठी कधीकधी एवढ्याचीच असते.

पायरी ३ : ‘महागडं’ मूल आणि एक्स्ट्राऑर्डिनरी एड

समजा एका छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये भर जानेवारीत एक कुटुंब राहायला आलं आणि मुलाला वर्षाला लाखभर डॉलरची विशेष शाळा लागते. सूत्र सरासरी खर्चावर चालतं, हे मूल त्या सरासरीत बसत नाही. अशा वेळेसाठी राज्याने वेगळी मदत ठेवली आहे, तिचं नाव एक्स्ट्राऑर्डिनरी एड. ऑफिसात सगळे ‘एक्स-एड’ म्हणतात.

नियम असे आहेत. मूल गावच्याच शाळेत, इतर मुलांबरोबर शिकत असेल, तर त्याच्या थेट शिक्षणाच्या आणि साहाय्याच्या खर्चातल्या ४०,००० डॉलरच्या वरच्या भागाचे ९० टक्के. मूल केवळ अपंग मुलांसाठी असलेल्या सार्वजनिक कार्यक्रमात असेल, तर ४०,००० च्या वरच्या भागाचे ७५ टक्के. मान्यताप्राप्त खासगी विशेष शाळेत असेल, तर फीच्या ५५,००० च्या वरच्या भागाचे ७५ टक्के. बसचा खर्च यात धरत नाहीत.

आकडे घालून बघू. हे माझे मानलेले आकडे आहेत, कुणाचे खरे नाहीत. गावच्या शाळेत एका मुलासाठी पॅरा, स्पीच, ओटी आणि बिहेवियरिस्ट (वर्तनतज्ज्ञ) मिळून ८२,००० डॉलर खर्च आला. ४०,००० वजा केले, उरले ४२,०००. त्याचे ९० टक्के ३७,८००. डिस्ट्रिक्टच्या डोक्यावर राहिले ४४,२००. तेच मूल ९५,००० फीच्या खासगी शाळेत गेलं, तर ५५,००० वजा जाऊन ४०,००० उरतात, त्याचे ७५ टक्के ३०,०००. डिस्ट्रिक्टच्या डोक्यावर ६५,०००, आणि वर बस.

आता मीटिंगमध्ये ‘आपण त्याला इथेच ठेवून बघू’ हे इतक्या आग्रहाने का येतं ते लक्षात आलं असेल. त्यात वाईट काही नाही. मुलाने शक्य तितकं इतर मुलांत राहावं हे कायद्याचंही तत्त्व आहे, आणि ९० टक्क्यांचा दर त्यासाठीच आहे. शिवाय निधीची पद्धत मुलाला चुकीच्या जागी ढकलेल अशी नसावी, अशी आयडियाची अट आहे. पण ‘इथेच ठेवू’ म्हटल्यावर त्या ८२,००० मधल्या सेवा खरोखर आयईपीत उतरतात का, एवढं आपण बघायचं. मूल इथेच आणि सेवाही नाहीत, हा हिशेब फक्त डिस्ट्रिक्टच्या सोयीचा.

आणि ही मदतही पूर्ण मिळत नाही. सगळ्या डिस्ट्रिक्टांचे दावे एकत्र केले की राज्याने ठेवलेली रक्कम पुरत नाही. मग प्रत्येकाला प्रमाणात कमी मिळते. वरच्या उदाहरणात ३७,८०० मागून २३-२४ हजारांवर समाधान मानावं लागलं तर आश्चर्य नको. शिवाय खर्च आधी करायचा, पैसे मागाहून. म्हणून बिझनेस ऑफिसचे लोक ही रक्कम बजेटात धरताना हात आखडता घेतात.

आपल्याला यातून घ्यायची गोष्ट एकच, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. हा अर्ज पालक करत नाहीत, डिस्ट्रिक्ट करतं. अर्जाला आधार असतो आयईपीचा. ज्या सेवा आयईपीत लिहिलेल्याच नाहीत, त्यांचे पैसे डिस्ट्रिक्टला राज्याकडे मागता येत नाहीत. म्हणून कुणी म्हणालं, "लिहायला नको, आपण असंच कुणीतरी त्याच्याजवळ बसवू," तर ते प्रेमाने म्हटलेलं असलं तरी नाही म्हणा. लिहिलं तर मुलाचा हक्क पक्का होतो आणि डिस्ट्रिक्टच्या हातात कागद येतो. तोंडी मदत पॅरा आजारी पडली त्या दिवशी संपते.

पायरी ४ : पत्र आणि घड्याळ

फोनवर बोलणं, शाळा सुटल्यावर बाईंना गाठणं, पॅरेंट-टीचर मीटिंगमध्ये विषय काढणं, यातल्या कशानेही घड्याळ सुरू होत नाही. ते लेखी विनंतीने सुरू होतं. पत्र डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेसच्या डायरेक्टरना, प्रत मुख्याध्यापकांना. इंग्रजीतच लिहा, पण मजकूर याहून मोठा नको :

"माझा मुलगा तुमच्या अमुक शाळेत अमुक इयत्तेत आहे. त्याला बोलण्यात, लक्ष देण्यात आणि इतर मुलांबरोबर मिसळण्यात अडचण येते. विशेष शिक्षणासाठी तो पात्र आहे का हे ठरवण्यासाठी चाइल्ड स्टडी टीमने त्याचं मूल्यमापन करावं, अशी मी विनंती करते. सोबत आधीचे अहवाल जोडले आहेत."

खाली तारीख आणि सही. ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहू नका, इथे कुणाला कळत नाही. ईमेल चालते, पण मी दोन्ही करते : ईमेल पाठवते आणि ऑफिसात प्रत देऊन माझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेते. शिक्का मागितल्यावर खिडकीतल्या बाई क्षणभर बघतात. बघू दे.

पत्र पोचल्यापासून २० दिवसांत पहिली मीटिंग व्हायला हवी. यातून शाळेच्या सुट्ट्या वगळतात, पण उन्हाळ्याची सुट्टी वगळत नाहीत. जूनमध्ये ‘आता सप्टेंबरातच बघू’ म्हणाले तर हे आठवा. मूल्यमापन ठरलं आणि तुम्ही संमतीची सही केली, की पुढच्या ९० दिवसांत चाचण्या, पात्रता आणि आयईपी सुरू होणं, हे सगळं व्हायला हवं. अहवाल पात्रतेच्या मीटिंगच्या किमान १० दिवस आधी तुमच्या हातात हवेत. ते आधी घरी शांतपणे वाचा. मुलाच्या नावापुढचा टक्केवारीचा आकडा पाच अनोळखी माणसांसमोर पहिल्यांदा पाहायचा नसतो.

चाइल्ड स्टडी टीम म्हणजे शाळेचे मानसशास्त्रज्ञ, लर्निंग कन्सल्टंट आणि सोशल वर्कर. त्यांच्यातला एक तुमचा केस मॅनेजर होतो. पुढची काही वर्षं तुमचं खरं नातं त्या माणसाशी असेल.

भारतातून आणलेले अहवाल जोडा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर तेही, पण त्यावर विसंबू नका. डॉक्टरांचं निदान आणि शाळेची पात्रता या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिकडची कागदपत्रं इथे आयईपी म्हणून चालत नाहीत. घरी मराठी बोलत असाल तर तसं आवर्जून लिहा. मूल ज्या भाषेत स्वतःला नीट दाखवू शकेल त्या भाषेचा विचार मूल्यमापनात व्हायला हवा, आणि मीटिंगला दुभाषा मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. आमच्या मुलाला चित्रातलं ‘ब्रूम’ ओळखता आलं नाही, गुण गेला. केरसुणी म्हटलं असतं तर त्याने उठून कोपऱ्यातली आणून दिली असती.

डिस्ट्रिक्टचं मूल्यमापन पटलं नाही, तर डिस्ट्रिक्टच्याच खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं. ते द्यायचं नसेल, तर आपलं मूल्यमापन बरोबर आहे हे डिस्ट्रिक्टलाच सिद्ध करावं लागतं.

पायरी ५ : ‘बजेट’ हा शब्द उच्चारला गेला की

तो गोड आवाजात येतो. ‘तसा कार्यक्रम आमच्याकडे नाही’, ‘आम्ही वन-टू-वन पॅरा देत नाही’, ‘इतकं केलं तर बाकीच्यांनाही द्यावं लागेल’ ही त्याचीच भावंडं. वाद घालू नका. पैशांवर बोलू नका. आपण मराठी माणसं इथे दोन चुका करतो. एक तर संकोचाने लगेच माघार घेतो, नाहीतर घरी येऊन नवऱ्या-बायकोत भांडतो.

मी आता एवढंच म्हणते : "त्याची गरज काय आहे यावर आधी बोलूया का?" मग अहवालातलं पान उघडायचं. ‘दर चार मिनिटांनी लक्ष परत आणावं लागतं’ असं त्यांच्याच मानसशास्त्रज्ञाने लिहिलेलं असतं. मग विचारायचं, वीस मुलांच्या वर्गात हे दर चार मिनिटांनी कोण करणार? प्रश्न इतका साधा असतो की उत्तर द्यावंच लागतं. तरीही नाहीच म्हणाले, तर शांतपणे सांगायचं, "हा नकार आणि त्याची कारणं मला लेखी द्या." मागणी नाकारली तर कारणांसह लेखी नोटीस द्यावीच लागते, आणि ‘बजेट नाही’ हे कारण सहीनिशी कागदावर उतरवायला कुणी धजत नाही. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या मीटिंगमध्ये एवढ्या एका वाक्यानंतर दहा मिनिटांची सुट्टी घेतली गेली, ते सगळे बाहेर गेले आणि परत आल्यावर पॅरा निम्म्या दिवसासाठी मंजूर झाली. पूर्ण दिवसासाठी आणखी चार महिने लागले.

त्या दिवशी सही करायची घाई नाही. पहिल्या आयईपीला तुमची लेखी संमती लागतेच. नंतरच्या बदलांसाठी तुम्हाला १५ दिवस असतात. त्या मुदतीत तुम्ही मध्यस्थी किंवा ड्यू प्रोसेस मागितलं, तर वाद मिटेपर्यंत आधीचीच व्यवस्था चालू राहते. मध्यस्थीला पैसे पडत नाहीत. ड्यू प्रोसेस म्हणजे छोटा खटलाच, पण न्यू जर्सीत एक बरी गोष्ट आहे. २००८ पासून आपला आराखडा योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांवर नसून डिस्ट्रिक्टवर आहे. सगळ्या राज्यांत तसं नाही.

वकिलाआधी स्पॅन पॅरेंट अॅडव्होकसी नेटवर्कला फोन करा. न्यू जर्सीतल्या पालकांना याच विषयात मदत करणारं हे केंद्र आहे आणि त्यांची मदत मोफत असते.

पायरी ६ : मेडिकेडचा तो फॉर्म

कागदांच्या गठ्ठ्यात एक संमतीपत्र असतं : मूल मेडिकेडवर (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर) असेल तर काही सेवांचे पैसे डिस्ट्रिक्टला तिथून घेऊ द्याल का? राज्याच्या सेमी नावाच्या कार्यक्रमाचं ते आहे. सही ऐच्छिक आहे. नाही म्हटलं तरी सेवा थांबवता येत नाहीत. मूल मेडिकेडवर नसेल तर विषयच संपला. असेल आणि ग्रीन कार्ड रांगेत असेल, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा.

पायरी ७ : पैशावर बोलायची खरी जागा

आयईपीच्या टेबलावर बजेट बोलू नका म्हटलं, म्हणजे कुठेच बोलू नका असं नाही. त्याची जागा शिक्षण मंडळाची सभा. राज्यपालांचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो, त्यानंतर काही दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टला मदतीचा आकडा कळतो. मार्चमध्ये कच्चं बजेट, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी, आणि १ जुलैपासून नवं वर्ष. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ‘युजर-फ्रेंडली बजेट’ नावाचं कागदपत्र असतं. त्यात विशेष शिक्षणाच्या आणि बाहेरच्या शाळांच्या फीच्या ओळी शोधा आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. पॅरांच्या जागा कमी होताहेत का, त्या कंत्राटी कंपनीकडे जाताहेत का, हे तिथे दिसतं. आयईपीतली सेवा बजेटच्या कपातीने रद्द होत नाही, पण ती देणारं माणूस दर तीन महिन्यांनी बदलायला लागतं. आमच्या मुलाला एका वर्षात चार पॅरा झाल्या. चौथीचं नाव तो शिकलाच नाही.

सभेत बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. मुलाचं नाव घेऊ नका, स्वतःची कहाणी सांगत बसू नका, एक ओळ आणि एक प्रश्न एवढंच. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये विशेष शिक्षणाच्या पालकांचा सल्लागार गट असावा लागतो, त्याला सेपॅग म्हणतात. तिथे जा. आपले लोक मराठी मंडळाच्या गणपतीला तीनशे जमतात आणि सेपॅगच्या बैठकीला दोन. त्यातली एक मी असते.

दुसऱ्या राज्यात असाल तर

आयडिया सगळीकडे तीच, पण राज्याचा नळ प्रत्येकाचा वेगळा. कॅलिफोर्नियात अपंग मुलं न मोजता एकूण हजेरीवर पैसा येतो, आणि तो सेल्पा नावाच्या प्रादेशिक गटांमार्फत वाटला जातो. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘सर्किट ब्रेकर’ आहे. राज्याच्या प्रति विद्यार्थी पायाभूत खर्चाच्या चौपटीच्या वर गेलेल्या खर्चाचा मोठा भाग राज्य भरून देतं. वॉशिंग्टन राज्यात ठरावीक टक्क्यांच्या वरच्या मुलांसाठी पैसाच मिळत नसे. ती मर्यादा २०२५ मध्ये काढली.

टेक्सासची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. तिथे राज्याने डिस्ट्रिक्टांवर नजर ठेवण्यासाठी ८.५ टक्क्यांचा आकडा ठरवला होता. त्यापेक्षा जास्त मुलांना विशेष शिक्षण दिलं तर डिस्ट्रिक्टला उत्तर द्यावं लागे. परिणाम व्हायचा तोच झाला, हजारो मुलांना पात्र असूनही दारातून परत पाठवलं गेलं. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या वर्तमानपत्राने ते बाहेर काढलं, २०१७ मध्ये मर्यादा गेली आणि २०१८ मध्ये केंद्राने राज्य कायदा मोडत होतं असा निष्कर्ष दिला. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला ज्यांना त्या काळात ‘तो मोठा होईल तसा सुधारेल’ असं सांगितलं गेलं, त्यांनी पुन्हा लेखी विनंती करावी.

आणि राज्य किंवा गाव बदलत असाल, तर नव्या डिस्ट्रिक्टने आधीच्या आयईपीशी तुल्य सेवा पहिल्या दिवसापासून द्यायच्या असतात. पण जुनी फाइल तिकडे पोचायला महिना लागू शकतो. म्हणून चालू आयईपी, शेवटचे अहवाल आणि हजेरी-थेरपीच्या नोंदी यांची एक प्रत पासपोर्टच्या पिशवीत ठेवा. मूव्हर्सच्या ट्रकमध्ये टाकू नका, आमची तिथे सतरा दिवस अडकली होती.